मागचा आवाज कापावा

३ मार्च, सकाळी ९.१०
अखेर ऑफिसला आपली किंमत कळली! कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्क्रीनकास्ट, म्हणजे स्क्रीनवर काय कसं करायचं ते दाखवणारे छोटे व्हिडिओ, कधी आणि कसे वापरावेत याची नियमावली मी लिहायची. सोबत एक नमुना. मुदत १३ तारीख. आधी दोघांनी नाही म्हटलं होतं म्हणे. घाबरट लेकाचे.
संकल्प: नमुना एका टेकमध्ये, म्हणजे एका दमात रेकॉर्ड.

४ मार्च
टेक १ ते ९.
नियम १: लांबी तीन मिनिटांच्या आत. माझा नमुना अकरा मिनिटांचा होतोय, पण नमुन्याला नियम लागू नसतो.
ऑफिसात एसीची घरघर. उद्यापासून घरून. जेवणाच्या टेबलावर स्टुडिओ थाटला.

५ मार्च, सकाळी ११
टेक १४ झकास चालला होता. 'सेव्ह'वर क्लिक करणार, तोच बायको दारात येऊन म्हणाली, 'डॉक्टरांनी...' पुढचं ऐकलं नाही, शू केलं. गेली बिचारी. समजूतदार आहे.
नियम २: मागचा आवाज कापावा. कापलेले तुकडे 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये. पुसायचे नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त.

७ मार्च
सात टेक, सात अडथळे. हिला बोलायला नेमकं रेकॉर्डिंगच कसं सापडतं? आज कापलेलं: 'गाठ छोटीच आहे, पण' (३ सेकंद). 'तपासायला पाठवलीय' (२ सेकंद). जेवताना विचारणार होतो, पण कर्सरचा वेग किती असावा हे डोक्यात घोळत होतं. शेजारणीबद्दल असेल काहीतरी.

१० मार्च
ही गप्प. आवाज एकदम स्वच्छ. तरी का कोण जाणे, जिवाला चैन नाही. ॲसिडिटी असणार. एकच तुकडा मिळाला: 'गुरुवारी येशील का?' कापताना हात अडखळला. माउस बदलायला हवा.
नमुना पूर्ण!! संकल्प: तेराला जमा केला की हिच्याशी निवांत बोलायचं.

१३ मार्च, गुरुवार, दुपारी १२.३०
सकाळी जमा केला. अर्ध्या तासात मॅनेजर मॅडमचा फोन. सॉफ्टवेअरच्या कालच्या अपडेटमध्ये 'सेव्ह' बटणच काढून टाकलंय. नमुना शिळा. म्हणाल्या, सारख्या बदलणाऱ्या स्क्रीनचा व्हिडिओ करूच नये, हा पहिला नियम हवा होता. चार ओळी लिहिल्या असत्या तरी भागलं असतं. दहा दिवसांचं मुसळ केरात.
हिला सांगावं म्हणून आत गेलो. ही घरात नाही. दारात चप्पल नाही.

दुपारी १.२०
कचरा उघडला. तेवीस तुकडे. ओळीने लावून ऐकले. गाठ काढून तपासायला दिलीय, रिपोर्ट गुरुवारी दीडला मिळणार, फार भीती वाटते, एकटीला जायचं नाही, येशील का. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी माझं शू.
सगळं मिळून एक मिनिट चाळीस सेकंद. या घरात नियम १ पाळणारी ती एकटीच.
स्वतःची लाज वाटली. ही ॲसिडिटी नाही.

दुपारी १.४०
हिला फोन लावला. मेहुणीने उचलला. दोघी डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. मी धडाधडा सुरू केलं, की मला आत्ताच कळलं, निघालोच आहे, तिला फोन दे, रिपोर्टमध्ये काय.
मेहुणी दबक्या आवाजात म्हणाली, शू, डॉक्टर बोलतायत. आणि मला कट केलं.