रेखाची आखाजी

४ मे १९९२, सोम., धुळे
उद्या अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातली आखाजी. शाळेतून निवृत्त झालेल्या एकट्या बाईला सणाची लगबग कसली? बालगृहात चक्कर मारली. बालकल्याण मंडळाने कुटुंबांत ठेवलेल्या मुलांना भेटत राहायचं, मंडळापुढे त्यांची बाजू मांडायची, हे बिनपगारी काम हौसेने अंगावर घेतलंय.
फाटकातच रेखा. वय अकरा. गेल्या वर्षापासून शिंदखेड्याला शांताअक्काकडे असते. आत्ताही तिथेच हवी होती. नवं परकर-पोलकं, हिरव्या बांगड्या, पिशवीत सांजोऱ्या.
'अक्का सोडून गेली.'

५ मे, मंगळ.
अधीक्षकांच्या मते प्रकरण सरळ. कुटुंबाने मूल परत आणलं, विषय संपला. जळगावचं एक कुटुंब मुलगी मागतंय. १५ला मंडळ बसेल तेव्हा तिकडे देऊ. माणूस वाईट नाही, उरकता आहे.
पोरी आवारातल्या झोक्यावर, आखाजीची गाणी. रेखा भिंतीला टेकून. सांजोऱ्या वाटून टाकल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. बांगड्या उतरवून काळजीवाहिकेकडे दिल्या.
शांताअक्काचा संताप आला. टाकायचंच होतं तर नवे कपडे कशाला...

७ मे, गुरु.
शिंदखेड्याला जाऊन आले. ऊन मी म्हणत होतं. एस.टी.त भांडणाची तयारी चोख केली होती.
शांताअक्का दारातच. आत तिची लग्न झालेली मुलगी, सणाला आलेली. मी तोंड उघडायच्या आत अक्काच, 'मन्ही रेखा कशी शे?'
म्हटलं, तिला का सोडलंत?
बघतच राहिली. 'बठ्ठ्या पोरी आखाजीले माहेर जातस. मन्ही पोर का बरं ऱ्हाई?'
अक्काचा हिशेब असा: रेखा बालगृहात वाढली, म्हणजे ते तिचं माहेर; सणाला सगळ्या पोरी माहेरी, मग हिनेच का मागे राहायचं? सण आटोपला की आणायला जायचं. यात सांगायचं काय?
तयारी सगळी वाया. हसू आलं, फार टिकलं नाही. पोरीलाही कुणी सांगितलं नव्हतं. अधीक्षकांना तर नाहीच. आता मंडळाने म्हटल्याशिवाय ती परत जाणार नाही, हे अक्काला सांगितलं. तिने बैठकीची तारीख विचारून घेतली.

९ मे, शनि.
रेखाला सगळं नीट सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'पण बाई, अक्काची मुलगी तर अक्काकडेच आली ना?'
घरी आले. स्वयंपाक केला नाही.

१५ मे, शुक्र.
मंडळ. मी माझं बोलले, अधीक्षक त्यांचं. शांताअक्का पदर सावरत, 'मी पोरले लेवाले उनू.' पोरीला न्यायलाच आली होती.
मंडळाच्या बाईंनी रेखाला विचारलं, कुठे राहायचंय? ती अक्काकडे वळली. 'पुढच्या आखाजीला मला कुठे सोडशील?'
अक्का गडबडली. मग, 'कोठेच नही. तुन्हं लगीन व्हई, तवय माहेर येशी. मन्हाकडेच.'
मंडळाच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. रेखाचं हो की नाही कळेना, म्हणून निर्णय पुढच्या बैठकीत, जळगावकरांनाही बोलावलंय.
शांताअक्का एकटीच एस.टी.कडे गेली, वळून वळून बघत. रेखाने काळजीवाहिकेकडून बांगड्या मागून घेतल्या. घातल्या नाहीत. मुठीत धरून फाटकाशी उभी होती. मी निघाले तेव्हाही तशीच.