सूनबाईने लाल केलेला सरळ रस्ता

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुमची गुडघेदुखी आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करते. इकडे देवाच्या कृपेने क्षेम.

तुमचं काम मनावर घेतलं होतं. सूनबाई मालट्रकच्या धंद्यासाठी रस्ते तपासते, कुठल्या भागात, कुठल्या मार्गावर, कोणाची गाडी किती सुरक्षित त्याचे गुण देते. तिने तुमच्या ट्रकना कमी गुण दिले तर सिमेंटवाले करार मोडतील, म्हणून ‘जरा शब्द टाक’ असं तुम्ही लिहिलंत. शब्द टाकायला निवांतपणा हवा, म्हणून परवा तिच्या पाहणीलाच गेले (डबा घरचा, गाडी कंपनीची). घाटाच्या अकरा वळणांना मी अकरा वेळा जपमाळ आवळली. सूनबाईने नकाशावर टिंबसुद्धा काढलं नाही. पुढे सपाट, सरळ रस्ता लागला, मी माळ पिशवीत ठेवली, तर तिने तोच लाल केला! म्हणे, “आई, घाटात सगळे जागे असतात. इथे जेवून येतात आणि डुलकी लागते.” मी हसले. (पुढच्या दोन मैलांत मीच घोरत होते. तिने तेही टिपून घेतलं.)

ट्रकतळावर तुमचीच गाडी उभी. सूनबाई पदर खोचून चालकाच्या जागेवर चढली आणि मला डाव्या अंगाला पुढे उभं केलं. “आई, दिसत नाही तुम्ही.” मी हात हलवला, पिशवी उंचावली. “अजून नाही.” माझ्यासारखा ऐवज दिसू नये म्हणजे काय! पाहते तर मी दिलेल्या देवांच्या सात तसबिरींनी डावी काच भरलेली. तुमचा चालक म्हणाला, “मालकांच्या ताईंनी दिलेल्या, काढणार कोण? त्या बाजूचं मी देवावरच सोडतो.”

दादा, माझ्या जागी शाळेतलं पोर असतं तर? तरी तुमच्यासाठी म्हटलं, “अगं, मामांची गाडी आहे.” म्हणाली, “म्हणूनच दोनदा तपासली.” मुलगी हिरा आहे. गुण मात्र कमीच दिलेत.

तुमची,
धाकटी

ता. क. तसबिरी आजच काढून चालकाच्या पाठीमागे लावा. देवाला काच लागत नाही, चालकाला लागते. आणि जेवल्यावर त्याला अर्धा तास निजू द्या.

ता. क. २. सूनबाई सोमवारी फेरतपासणीला न कळवता येणार आहे. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

ता. क. ३. पत्र तिने वाचलं. रागावली नाही. चालकाला फोन करून तसबिरी तिने तेव्हाच उतरवायला लावल्यात, बाकीचं सोमवारी बघते म्हणाली. मला म्हणे, “पाठवा की आई, पण टपालानेच.” आज शुक्रवार, टपालाला चार दिवस लागतात.