चौथ्या खांबाची पाटी

मी, कु. मंदाकिनी बद्रीनाथ ठोंबरे, वय २९, शिक्षण स्थापत्य पदविका, राहणार पदमपुरा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आहे, पण मी त्याच्याखाली नाही.

मी अविवाहित आहे. मृत्युपत्र न करता गेले तर माझ्या वस्तू आईवडिलांकडे जातील आणि तिथून थोरला भाऊ कारभारी ऊर्फ दादा याच्या हाती पडतील. तसे होऊ नये म्हणून हा कागद.

१. घर माझे नाही, खोली भाड्याची आहे. शेंद्र्याच्या जमिनीला मुलगी म्हणून माझे नाव लावलेले नाही, त्यामुळे तिची वाटणी करण्याची तसदी मला नाही.

२. टपालातील बचत आई सखूबाई हिला. त्यातून माझे तेरावे घालू नये. तिने दातांची कवळी करून घ्यावी.

३. लुना वडिलांना, म्हणजे आबांना. बाजाराला जाताना मागे शेळी बसवू नये.

४. खाम नदीवरील नव्या पुलाचे फोटो. वाळूजला जाणारे ट्रक आणि शिफ्टच्या बसगाड्या यांच्यासाठी हा पूल झाला. काम चालू होते तेव्हा मी ठेकेदार कंपनीत कनिष्ठ अभियंता होते आणि कामाच्या प्रगतीचे फोटो काढणे माझ्याकडे होते. कॅमेरा माझा, रोल माझे. कंपनीने फक्त प्रती घ्यायच्या, असे नेमणूकपत्रात लिहिलेले आहे. म्हणजे निगेटिव्ह माझ्या आहेत.

अशा फोटोत उंची कळावी म्हणून एक माणूस उभा करतात आणि त्याच्या हातात खांबाचा क्रमांक व तारीख लिहिलेली पाटी देतात. ही पाटी चतुराबाई कडूबा साळवे धरत. त्या घमेली वाहणाऱ्या टोळीत होत्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकल्यावर पाटी त्याच लिहू लागल्या. चौथ्या खांबाचे काँक्रीट पुरे झाले त्या दिवशी त्यांनी क्रमांक लिहिला, तारीख लिहिली आणि खाली लिहिले: नामांतर झालेच पाहिजे.

मुकादम हसला. विद्यापीठ तिकडं डोंगराकडं, पूल इकडं, बाई वाट चुकली, असे काहीसे म्हणाला. चतुराबाईंनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "खांब तुमचा, तारीख तुमची. एक ओळ माझी. पुसू का, ताई?"

"पाटी जरा तिरपी धरा," मी म्हणाले. "ऊन चमकतंय."

५. कंपनीच्या साहेबांनी ती निगेटिव्ह मागितली. मी दिली नाही. उद्घाटनाच्या अल्बमसाठी त्यांनी प्रतीतून चतुराबाईंना पाटीसकट कापले. पाटी गेल्यामुळे चौथा खांब अल्बमात दुसरा म्हणून चिकटवला गेला आहे आणि माणूस नसल्यामुळे तो किती उंच, हे कळत नाही. तो अल्बम साहेबांना लखलाभ असो.

मग साहेब दादाला भेटले आणि दादा माझ्या खोलीवर आला. "इद्यापीठाचं नाव काय का असंना, मंदे, तुला काय करायचंय? गावात इचारतेत मला, बहीण कोणाकडून हाय म्हणून." मी सांगितले, चौथ्या खांबाकडून. तो हसला नाही. जाताना म्हणाला, तू दवाखान्यातून येईस्तोवर निगेटिव्हची पेटी मी सांभाळतो. त्या वाक्यानंतर मी हे मृत्युपत्र करायचे ठरवले.

६. पुलाच्या सर्व निगेटिव्ह, पेटीसह, आणि माझा कॅमेरा चतुराबाई कडूबा साळवे, राहणार भीमनगर, यांना पूर्ण मालकीने. त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "माझ्या घरात घावल्या तर चोरल्या म्हणतील ना?" म्हणून स्पष्ट लिहिते: त्या मी दिल्या आहेत. परत मागण्याचा हक्क कंपनीला नाही आणि माझ्या घरच्यांनाही नाही. अट काहीही नाही. चौथ्या खांबाचा फोटो कोणी छापायला मागितला तर पूर्ण छापावा, एवढी विनंती.

७. या कागदाची अंमलबजावणी घरमालकीण गीताबाई यांनी करावी. पेटी आजपासून त्यांच्या कुलपात आहे.

८. मी परत आले तर हा कागद लागू होणार नाही. साहेबांना निगेटिव्ह तेव्हाही मिळणार नाही.

९. एक साक्षीदार मी दादाच निवडला आहे. साक्षीदाराला मजकूर पटावा लागत नाही. सही त्याच्यासमोर झाली, एवढेच तो सांगतो. उद्या हा कागद खोटा आहे असे म्हणायला पहिला तोच उठेल, म्हणून त्याचीच सही हवी. वरचा मजकूर त्याने दोनदा वाचला. "अन् मी नाय केली सही तर?" मी म्हणाले, तर पुण्याला सोबत येऊ नकोस. मग त्याने पेन मागितले. सहीबरोबर स्वतःचेही काही लिहीन, म्हणाला. मी हरकत घेतलेली नाही.

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: ७ फेब्रुवारी १९८५

(सही) मंदाकिनी बद्रीनाथ ठोंबरे

साक्षीदार:

(सही) गीताबाई त्रिंबक पवार, पदमपुरा

(सही) कारभारी बद्रीनाथ ठोंबरे, शेंद्रा
मजकूर मला मान्य नाही. सही माझ्या बहिणीची आहे, माझ्यासमोर केली. ती शुद्धीवर आहे. सोमवारी मी सोबत जाणार आहे.