वडाखालची राखण

राजेश्वरीच्या आजोबांना धाराशिवहून नमस्कार.

मी बरी हाय. म्हशीचा पाय कसा हाय?

राजेश्वरी अन् तिच्या मैतरणी इथली जुनी बाग फुकट झाडत्यात, झाडांना आळी करत्यात. मीबी जाते. हसू नका.

मागल्या वटपौर्णिमेला बायकांनी घरी पुजायला फांद्या तोडून तिथला वड बोडका केला व्हता. म्हणून यंदा मी काठी घिऊन बुडाशी बसले. म्हणलं, "दोरा गुंडाळा, फांदी तोडू नगा."

एक फणकारली, "आजी, नवऱ्याच्या आयुष्याच्या आड येता व्हय?"

म्हणलं, "माझं म्हातारं लोहाऱ्यात हाय. त्याला तरी कुठं फांदी धाडली?"

एकबी फांदी तुटली न्हाय. पर काठी सोडता येईना, म्हणून माझ्याच फेऱ्या राहिल्या. तवा बीपीची गोळी चुकवू नका.

कडूबाई