आमच्या व्हॅनचं निःपक्षपाती मूल्यमापन

३ मे, रविवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण, हिने चहा देता देता जाहीर केलं की महिनाअखेरच्या सहलीला ती आमच्या जुन्या व्हॅनमधून येणार नाही. नवी गाडी घ्या, नाहीतर मी पोरांना घेऊन ताईच्या गाडीतून जाते, म्हणाली. मी शांत राहिलो. कप फक्त जरा जोरात ठेवला गेला.
मी ऑफिसात क्वालिटी कंट्रोलला आहे. भावनेच्या भरात निर्णय घेणं माझ्या रक्तात नाही. तीन नव्या गाड्या पाहायच्या, व्हॅनशी तुलना करायची, दहापैकी मार्क द्यायचे. जिंकेल ती आपली. व्हॅनबद्दल मला कसलंही ममत्व नाही. दुपारी तिला पॉलिश केलं, तो निव्वळ योगायोग.

४ मे
आधी घरच्या उमेदवाराची परीक्षा. इंजिन खणखणीत. एसी फक्त पुढे लागतो, त्यामुळे मागच्यांना सर्दी होत नाही. मधलं सरकतं दार एकाने बाहेरून वर उचलायचं, एकाने आतून खांद्याने रेटायचं, मग उघडतं. मुलगी याला बिघाड म्हणते. पण या दारामुळे घरातली माणसं एकमेकांना हाका मारतात. आजकाल हे कुठल्या गाडीत मिळतं? दहापैकी दहा.

१० मे
पहिली प्रतिस्पर्धी. शोरूममधल्या बाईंनी बटण दाबलं आणि दार आपोआप सरकलं. घरचे सगळे हरखून गेले. पोरांनी ते इतक्या वेळा उघडलं-लावलं की मलाच लाज वाटली. बटण बिघडलं तर, असं मी विचारलं. वॉरंटी आहे, म्हणाल्या. म्हणजे बिघडणार हे कंपनीला ठाऊक आहे! चार मार्क.
बाबा मागच्या सीटवर बसले ते उतरेचनात. वयामुळे होतं असं.

१७ मे
दुसरी. इतकी शांत की चालू आहे की बंद, कळेना. सिग्नलला खात्री करायला म्हणून स्टार्टचं बटण दाबलं, तर चक्क बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. आमच्या व्हॅनचे असले चोचले नाहीत. ती सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळतं. तीन मार्क.
तिसरी बघितली नाही. ब्रोशरमध्येच रंग आवडला नाही.

२१ मे
जेवताना निकाल वाचून दाखवला. व्हॅन पहिली. मार्क कोणी दिले, असं हिने विचारलं. मी, म्हटलं. बरं, म्हणाली आणि भात वाढून घेतला. निकाल मान्य झालेला दिसतो. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं 'बरं' मला चांगलं कळतं.

२४ मे
साडू आला, नवी सात सीटर हायब्रिड घेऊन. साखर किती विचारलं तरी हा मायलेज सांगतो. सहलीला दोन्ही गाड्या काढू, म्हणाला. उत्तम! एकाच घाटात समोरासमोर सामना. माझी माणसं अर्थातच माझ्या गाडीत. बाबा तर नक्कीच. व्हॅन आणली त्या दिवशी पुढच्या सीटवर तेच मिरवत बसले होते.

२९ मे
ऑइल, हवा, पाणी तपासलं. पुढच्या सीटवर बाबांची उशी ठेवली. पोरांची गाणी भरून घेतली, त्यांना गाणी म्हणायची असतील तर.

३० मे, शनिवार, सकाळ
सगळं सामान व्हॅनमध्येच टाकू, तिच्यात जागा जास्त आहे, असं ही स्वतःहून म्हणाली. अखेर कबूल केलं! मुलगी बाहेरून, मुलगा आतून, दार उघडलं, बॅगा भरल्या. मग पोरं साडूच्या गाडीत पळाली. हीसुद्धा तिकडेच, ताईशी बोलायचं होतं म्हणे. बाबांनी उशी मागितली. मला वाटलं, नीट करून हवी असेल. उशी काखेत मारून तेही तिकडे गेले.

संध्याकाळ
व्हॅन घाट चढली. मध्ये थांबली, पण चढली. हॉटेलवर पोचलो तेव्हा सगळ्यांचे चहा होऊन मंडळी खोल्यांत गेली होती. बॅगा काढायला पुढून आत शिरलो आणि दाराला खांदा लावून रेटलं. रेटतच राहिलो. बाहेरून उचलायला कोणी नव्हतं. हाक मारायची लाज वाटली. बॅगांमध्ये बसून राहिलो. फार वाईट वाटलं.
शेवटी ही आली, टॉवेल हवा होता म्हणून. तिने बाहेरून उचललं, मी आतून रेटलं. उघडलं. परतताना माझ्याबरोबर येशील का, असं विचारलं. बरं, म्हणाली.

३१ मे
परत आलो. व्हॅनमध्ये जागा भरपूर होती, माझ्या शेजारीसुद्धा.
उद्या ऑफिसातून लवकर निघून ती तिसरी गाडी बघून येतो. रंग इतका काही वाईट नसावा.