डोळे मिटून ओळखाल

३ मार्च, सोमवार
आज हेड ऑफिसचे मोठे साहेब शोरूममध्ये आले. मी एका जोडप्याला गाडी दाखवत होतो. माझं नेहमीचं वाक्य टाकलं : दार लावून बघा, हा आवाज दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही, डोळे मिटून ओळखाल. साहेब मागेच उभे होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सोळा वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. प्रमोशन नक्की.
जोडप्याने गाडी घेतली नाही. त्यांचं नशीब.

४ मार्च
मेल आला. माझं वाक्य वर ठळक अक्षरांत. खाली : बुधवारी, १२ तारखेला, तीन गाड्या उभ्या करणार. एक आपली, दोन इतर कंपन्यांच्या. लोगोंवर काळी टेप. सेल्सवाल्यांच्या डोळ्यांवर पट्टी. दार लावून आपली गाडी ओळखायची. ज्याला ओळखता येणार नाही तो तळघरात, फोन टीममध्ये. पहिला मान वाक्याच्या जनकाला, म्हणजे मला.
घाबरलो वगैरे नाही. डबा तसाच परत आणला, पण मला भूकच नव्हती.

५ मार्च
एक बारीकशी गोष्ट. इथे लिहायला हरकत नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं दार मी आजवर कधी लावलेलंच नाही. आपला आवाज एक नंबर आहे हे ठाऊक असताना बाकीच्यांचा ऐकायचा कशाला?
दुपारी तळघर बघून आलो. सहज. खिडकी नाही. दोन वर्षांपूर्वी खाली गेलेला आमचा एक सीनियर तिथे बसला होता. हेडफोन बाजूला करून माझ्याकडे बघून हसला, आणि शेजारची रिकामी खुर्ची फडक्याने पुसली. मला एकदम जिन्याकडे पळावंसं वाटलं. पळालो नाही. भरभर चाललो.
संकल्प : रोज सकाळी अर्धा तास सराव.

६ मार्च, सकाळी ७.१५
बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव. माझी गाडी अर्थात आमच्याच कंपनीची, शेजारच्या डॉक्टरांची दुसऱ्या कंपनीची. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरताहेत, बघून देतो, असं सांगून किल्ली आणली. बायकोचा स्कार्फ डोळ्यांवर बांधला आणि तिला आलटून पालटून दोन्ही गाड्यांची दारं लावायला सांगितलं. दहापैकी चार बरोबर. बायको म्हणाली, अहो, नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते.
तिला दार नीट लावता येत नाही.

७ मार्च
सराव नाही. संकल्पाला एक दिवस विश्रांती हवीच.

८ मार्च, शनिवार
दहापैकी तीन. छातीत धडधड. किल्ली परत करताना डॉक्टरांनी ब्लड प्रेशर तपासलं. जास्त निघालं. कसला ताण आहे का, म्हणाले. म्हटलं, छे. आणि बिजागऱ्या? त्या उत्तम आहेत म्हणालो. निदान एवढं तरी खरं बोललो.
घरी आल्यावर बायको म्हणाली, दोन्ही गाड्या सारख्याच आहेत, एकदा मान्य का करून टाकत नाही? मी आवाज चढवला. ती म्हणाली, माझ्या भावाच्या मागे हात धुऊन लागून त्याला तुमचीच गाडी घ्यायला लावलीत ती का मग?
याला उत्तर आहे. आत्ता आठवत नाहीये.

१० मार्च
मार्ग सापडला. डोकेदुखीचा बाम! आदल्या दिवशी आपल्या गाडीच्या दाराला आतून बोटभर लावून ठेवायचा. पट्टी डोळ्यांवर असते, नाकावर नाही. ही फसवणूक नव्हे. परीक्षेला जाताना आपण पेन नेतोच की.

११ मार्च, संध्याकाळी ५
तिन्ही गाड्या आल्या. मागच्या अंगणात ओळीने उभ्या. तिन्ही पांढऱ्या, तिन्हींच्या लोगोंवर टेप. आमच्या गाड्या पुसणाऱ्या मावशी फडकं मारत होत्या. त्यांना म्हटलं, मावशी, चहा घेऊन या जरा.
आपली गाडी एका नजरेत ओळखली. मधली. ती बोनेटची ऐट, ती मागच्या काचेची उतरण. अनुभव यालाच म्हणतात. बाम लावून डबी खिशात टाकतोय तोवर मावशी परत. डोकं दुखतंय का साहेब, म्हणाल्या. म्हटलं, आता नाही.
आठ दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवणार.

१२ मार्च, सकाळी ८
हात थरथरताहेत. एसीमुळे.
घरात एसी नाही.

१२ मार्च, संध्याकाळी ६
पट्टी बांधली. पहिल्या गाडीचं दार लावलं. धप्प. दुसऱ्या गाडीत शिरताच बाम. जीव भांड्यात पडला. संशय नको म्हणून तिसरीचंही दार लावलं, मान हलवली, आणि दुसरीत परत जाऊन बसलो. मग बोललो. चांगली पाच मिनिटं. हा भरीव आवाज, ही आपली शान, ती पहिली म्हणजे पत्र्याचा डबा, असं सगळं.
टाळ्या नाहीत. पट्टी काढली. साहेबांनी टेप ओढली. लोगो आमचा नव्हता. आमची गाडी पहिली होती.
पट्टी असताना चुकलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी काल भर उजेडात, उघड्या डोळ्यांनी, निरखून निरखून चुकलो होतो. हे कोणाला सांगता येत नाही, आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.
बाकी पाचांपैकी दोघांना जमलं. दोघंही म्हणाले, अंदाजाने. साहेब वैतागले : इथे एकालाही खात्रीने सांगता येत नाही? मावशी म्हणाल्या, मी बघू का? पट्टी बांधून घेतली. दार लावलंच नाही. पुढच्या सीटखाली फडकं सरकवलं, तिन्ही गाड्यांत. पहिलीत म्हणाल्या, ही आपली. कसं काय? तर म्हणे, सीटच्या रुळात फडकं अडकतं. आपल्याच गाडीत अडकतं. किती मॉडेलं आली न् गेली, अडकतंच.
साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.
मग मावशींनी विचारलं, मधल्या गाडीला कोणीतरी बाम फासलाय, तो पुसू का?
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

१७ मार्च, सोमवार
तळघर. सीनियरने खुर्ची पुसून ठेवली होती. खिडकी नाही याची सवय होते म्हणाला. ते ऐकून जास्त घाबरलो.
दुपारी मेल : जूनच्या मॉडेलमध्ये सीटचा रूळ सुधारणार. मावशी खाली फरशी पुसायला आल्या होत्या, त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मग आपली गाडी ओळखायची कशी?
चार वाजता मेव्हण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, आता मुलीसाठी गाडी घ्यायचीय, तुमच्याच कंपनीची. तुम्ही एवढं सांगता म्हणजे काहीतरी वेगळं असणारच.
सोळा वर्षांचं वाक्य ओठांवर आलं. ते गिळलं. तो हॅलो, हॅलो करत राहिला.
म्हटलं, घ्यायची तर मे संपायच्या आत घे. नंतर आमच्या गाडीत वेगळं काही उरणार नाही.