संख्येतील तफावत

३ नोव्हेंबर, सोमवार

नवं गाव, नवी खुर्ची आणि ही नवी वही. बढतीची ऑर्डर आली तेव्हा मेव्हणा म्हणाला होता की सीमेवर पाठवतात ती बढती नसते, बदली असते. मेव्हणा हरलेल्या माणसांचे खटले लढवणारा वकील आहे. त्याला बढतीतलं काय कळणार.

मला तर जागा बेहद्द आवडली. ऑफिस जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत आहे. खाली प्रतीक्षालय, वर मुलाखतीच्या चार खोल्या, त्यातली कोपऱ्यातली माझी. टेबल, फिरती खुर्ची, रेकॉर्डर, पोलादी कपाट, दुभाष्यासाठी स्टूल. अर्जदाराची खुर्ची जमिनीला बोल्टने पक्की केलेली आणि माझ्या खुर्चीपेक्षा चार बोटं बुटकी. आमच्या संचालक बाईंनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. कागदी रुमालांचा डबा माझ्या बाजूला ठेवायचा, असं त्यांनी बजावलं. रडणाऱ्याला तो मागावा लागला पाहिजे. मागताना माणूस भानावर येतो. पंचवीस वर्षांची नोकरी बोलते ती अशी.

राहायची खोली आवाराच्या पलीकडे, दोन मिनिटांवर. नळाला गरम पाणी, खिडकीत भरपूर ऊन. बायकोला फोन केला. तिने विचारलं, लोक कसे आहेत. मी म्हटलं, ऑफिसातले चांगले आहेत, आणि बाकीचे लोक नाहीत, फायली आहेत. फोन कटला. रेंज गेली असावी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कामावर हात बसला. काम सोपं आहे. पलीकडून आश्रय मागायला येणारा प्रत्येकजण म्हणतो की परत पाठवलंत तर जीव जाईल. ती भीती खरी की बनावट, हे मी ठरवायचं. चार दिवसांत एकोणीस मुलाखती घेतल्या, अठरा नामंजूर. एक मंजूर केली, कारण महिन्याकाठी एखादी दाखवावी लागते असं बाई म्हणाल्या.

भीतीचे इतके नमुने एका जागी मी कधी पाहिले नव्हते, आणि बहुतेक सगळे शिळे. प्रत्येकाचा भाऊ मारलेला असतो, प्रत्येकाचं घर जाळलेलं असतं, आणि तारीख विचारली की प्रत्येकजण छताकडे बघतो. माझा एक ठरलेला प्रश्न आहे: भीती वाटते म्हणजे नक्की काय वाटतं? याचं धड उत्तर अजून एकालाही देता आलेलं नाही.

राजधानीतून नवं परिपत्रक आलंय. निकाल अठ्ठेचाळीस तासांत. जबानीत आकडा, तारीख किंवा ठिकाण यांत तफावत आढळली की अर्ज फेटाळायचा. दलालामार्फत आलेल्याच्या शब्दाला कमी वजन द्यायचं. ज्याने हे लिहिलं त्याने सीमा फक्त नकाशात पाहिली असणार. पण लिहिलंय झकास, विचार करायला जागाच ठेवलेली नाही.

दुभाषी म्हातारे आहेत. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तेही कधीकाळी पलीकडूनच आलेत अशी कुजबुज आहे, आणि ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलंच आहे. अर्जदार बोलून थांबला की मास्तर क्षणभर गप्प बसतात, मग भाषांतर करतात. मी म्हटलं, मास्तर, जरा उरका. तर म्हणाले, "साहेब, सांगण्याआधी ऐकावं लागतं." सगळ्यांनाच तत्त्वज्ञानी व्हायचंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल मासे वाहणारी एक फ्रीजरची गाडी उघडली. मासे नव्हतेच. दहा प्रेतं निघाली आणि एक जिवंत बाई. ड्रायव्हर आणि दलाल दोघेही पसार.

गाडी आमच्याच नाक्यावर रांगेत अकरा तास उभी होती. आतून ठोकण्याचा आवाज येत होता म्हणे. मिशीवाल्या हवालदाराने तो ऐकला आणि वर विचारलं. वरून उत्तर आलं की घाई करू नका. हिशेब सरळ आहे: दार उघडलं की आतले लोक आपल्या हद्दीतले अर्जदार ठरतात, दार बंद असेपर्यंत तो माल. माल परत फिरवता येतो. कायद्याच्या दृष्टीने यात खोट काढता येणार नाही.

दुपारी मंत्री आले. नाकाला रुमाल लावून गाडीसमोर उभे राहिले आणि दलालांना पाताळातून शोधून काढू म्हणाले. बूट नवे होते, चिखलातून ते बेतानं चालले. सगळं मिळून सहा मिनिटं.

जिवंत बाई उद्या माझ्या खोलीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वय तिशीचं. हातांची बोटं काळीनिळी, पट्ट्या बांधलेल्या. रडली नाही, म्हणजे डबा मागायचा प्रश्नच आला नाही.

तिचं म्हणणं असं. गावातल्या टोळीने तिच्या नवऱ्याला मारलं. मग टोळीचा म्होरक्या तिच्या धाकट्या बहिणीवर नजर ठेवून होता. त्याला एक कान नाही. (एक कान! असा खलनायक आताशा सिनेमावालेसुद्धा घेत नाहीत.) म्हणून दोघी बहिणी दलालाकडे गेल्या. गाडीत एकूण बारा जणं होती.

मी विचारलं, किती? बारा. मी म्हटलं, दहा प्रेतं आणि तू, अकरा होतात. ती म्हणाली, बारावी माझी बहीण. ठोकत होती ती तीच. तीन ठोके, मग थांबायची, मग परत तीन. बाकीचे एकेक करून गप्प झाले तरी ती ठोकत राहिली. दार उघडलं तेव्हा ती माझ्या आधी उतरली, अंगाला घासून गेली, बर्फासारखी.

दार उघडताना तिथे नऊ जण हजर होते. कोणीही मुलगी उतरताना पाहिलेली नाही. मी तसं सांगितलं. तर ती कपाटाकडे बघायला लागली आणि काहीतरी म्हणाली. मास्तर नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प. मग म्हणाले, "ती म्हणते, ती अजून ठोकतेय. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

कपाटामागून पाण्याचा पाइप जातो. पाइप वाजतात.

निकाल लिहायला चार ओळी पुरल्या. संख्येत तफावत. अर्ज नामंजूर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल तिला परत सोडलं. मिशीवाला तिला पोचवून आला. आज कँटीनमध्ये तो आपण होऊन सांगत होता की बाई एकदाही मागे न बघता रेषेपलीकडे चालत गेली. पलीकडे एक जीप थांबली होती. दोघं उतरले आणि तिला उचलून आत टाकलं. आणि मग स्वतःच्या कानावर बोट ठेवून म्हणाला की त्यातल्या एकाला इथे कानच नव्हता, नुसती खाच.

मी चहा संपवला. एक कान नसलेली माणसं जगात पुष्कळ असतील.

मास्तर शेजारच्या टेबलावर होते. न जेवता उठून गेले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कपाट वाजतंय. पाइप नाही, प्लंबरला बोलावून पाइप बंद करून घेतला. तरीही वाजतंय. तीन ठोके, थांबतं, परत तीन. मुलाखत चालू असताना, भर सकाळी अकरा वाजता. समोरच्या अर्जदाराला ऐकू आलं नाही. मास्तरांना विचारलं, तर ते नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी इतके दिवस अर्जदारांकडे पाहत आलोय. मला ते आवडलं नाही.

शेवटी कपाट उघडलं. फायली होत्या. आणि थंडी. फ्रीजर उघडल्यावर तोंडावर येते तशी वाफ, मनगटावरचे केस उभे राहिले. वाफेला माशांचा वास होता.

काहीतरी माझ्या बाहीला घासून गेलं. वारा असेल. खिडकी बंद होती, पण वारा असेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कपाट गप्प. आता टेबलाचा खालचा खण.

उघडला नाही. दिवसभर नाही. ठोके वाढत गेले तरी नाही. आवाजाची पण सवय होते, रस्त्याकाठी राहणारे लोक झोपतातच की.

संध्याकाळी गेल्या आठवड्यातलं तिच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज स्वच्छ आहे. किती? दहा आणि तू, अकरा. मागे ठोके आहेत. स्पष्ट. माझ्या प्रत्येक प्रश्नाच्या आधी तीन.

बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं. तिने भावाला विचारू का म्हणून विचारलं. म्हणजे त्या वकिलाला. मी फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

न राहवून खण उघडला. थंडी. या वेळी ती घासून गेली नाही. सरळ छातीवर आली.

जेवताना पुन्हा ठोके. खोलीत ना कपाट आहे, ना खण. कान लावून शोधत बसलो, भिंती, पलंग, नळ. तासाभराने कळलं.

बरगडीच्या आत आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. आवाज त्यांना आला नाही. मी त्यांचा हात छातीवर दाबून धरला, तेव्हा त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला.

बाईंकडे गेलो. रजा हवी, इथून बदली हवी. कारण विचारलं. सांगितलं. त्यांनी पेन उचललं. पहिल्यांदा कधी ऐकू आलं? सतरा तारखेला. बारा तारखेलाच कपाट वाजलं होतं असं मघाशी म्हणालात. तेव्हा तो पाइप आहे असं मला वाटलं होतं. मग पाइप होता की नव्हता? ठोके किती? तीन. डॉक्टरांच्या चिठ्ठीत चार लिहिलेत. कोणी साक्षीदार? मास्तर. मास्तर हो म्हणालेत का? नाही.

मी म्हटलं, बाई, मला भीती वाटते.

त्यांनी थंडपणे विचारलं, वाटते म्हणजे नक्की काय वाटतं?

मला सांगता येईना. खरंच येईना. मी छताकडे बघत होतो.

रजा नामंजूर. सोमवारपर्यंत तीस फायली निकालात काढायच्या आहेत. मी त्यांच्या बाजूला ठेवलेल्या डब्यातून रुमाल मागितला. त्यांनी दिला.

२१ नोव्हेंबर

आता गळ्यापाशी.

आजची पहिली मुलाखत. म्हातारा, सोबत नात. मी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि वाफ बाहेर आली. म्हाताऱ्याने नातीला मागे ओढलं. मग मी बोललो. पण ती माझी भाषा नव्हती. मला ती येत नाही, एक शब्द येत नाही. आवाज मुलीचा. कोवळा, बसलेला, खूप वेळ ओरडल्यासारखा. दोन्ही हातांनी जबडा दाबला तेव्हा थांबला.

मास्तर क्षणभर गप्प बसले. मग त्यांनी भाषांतर केलं. त्यांचं ते कामच आहे. म्हणाले, "ती सगळ्यांची नावं सांगतेय. दहा झाली. अकरावं बहिणीचं सांगितलं. तिचं स्वतःचं राहिलंय."

मी खुणेने विचारलं, मग? मास्तर म्हणाले, ते सांगून झालं की ती बाहेर येईल.

मी विचारलं — लिहून दाखवलं — बाहेर म्हणजे कशी. मास्तर उठले, म्हाताऱ्याचा आणि नातीचा हात धरला आणि त्यांना खाली घेऊन गेले. जाताना दार ओढून घेतलं.

२२ नोव्हेंबर

तोंड उघडायचं नाही. पाणी नाही, जेवण नाही. रुमालाने जबडा बांधलाय. बायकोचे सात फोन. कसा घेऊ —

ओठ निळे. आरशावर धुकं, माझ्या नाकातून.

लिहून ठेवतो. बाराच होते. बारा. माझी सही. तारीख. आता कोणाला हवंय — बाईंना पाठवलं. उत्तर आलं, निकाल दिलेल्या फायलीत दुरुस्ती नाही.

ऑफिसात

जिभेखाली आहे. गार. दार बाहेरून बंद — मिशीवाल्याची चाहूल लागते. मी टेबलावर ठोकतोय. तीन. थांबून परत तीन. तो दाराशी उभा आहे, सावली दिसते खालून. ऐकतोय. उघडत नाही. वर विचारत असेल

रुमाल सुटला

दातांवर ठोकतेय. आतून. एक दोन ती